पोदेराच्या भट्टीत इन्स्पेक्टर : पूर्वी खरंच कुणी बघत होतं का?

बार्देशकर

गेल्या महिन्यात आमच्या वाड्यावरच्या पोदेराला, म्हणजे पाव भाजून विकणाऱ्याला, नोटीस आली. मुद्दे चार. पीठ मळायच्या खोलीच्या भिंती धुता येतील अशा करा, खिडक्यांना जाळी लावा, कामगारांचे वैद्यकीय दाखले आणा, आणि भट्टीच्या खोलीत माणसं झोपतात ते बंद करा. मुदत दोन महिने. नोटिशीचा फोटो वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि अर्ध्या तासात "टाइल्स घालाव्या लागणार", "परंपरेवर घाला", "मोठ्या कंपन्यांचा डाव" वगैरे सुरू झालं. एकाने लिहिलं, "फिरंग्यांच्या साडेचारशे वर्षांत पोदेराच्या दारात कुणी कायदा घेऊन गेला नाही आणि पाव खाऊन कुणी मेलं नाही."

पहिले तीन दिवस मी गप्प बसलो. चौथ्या दिवशी राहवलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

कुणी कायदा घेऊन गेला नाही हे खोटं आहे. जुन्या गोव्याच्या सेनादोत, म्हणजे तिथल्या नगरसभेत, लिस्बनच्या धर्तीवर आल्मोतासे नावाचा अधिकारी असे. वजनमापं, बाजारातले भाव आणि रस्त्यांची सफाई ही तिन्ही त्याच्याकडे. गंमत म्हणजे हा शब्द पोर्तुगिजांनी अरबांकडून उचललेला. मूळ शब्द मुहतसिब, मुसलमानी शहरांतला बाजार-तपासनीस. म्हणजे १५१० मध्ये आदिलशाही गेली, फिरंगी आले, पण बाजारात तराजू घेऊन फिरणाऱ्याचं नाव तेच राहिलं, फक्त उच्चार बदलला.

आता हे कबूल करतो की त्याची नजर आधी वजनावर असायची, घाणीवर नंतर. हे सगळीकडे तसंच होतं. इंग्लंडात पावाचं वजन आणि भाव ठरवणारा कायदा १२६६ चा आहे. पाव जिथे बनतो ती खोली कशी असावी याचा कायदा १८६३ चा. मधे जवळजवळ सहाशे वर्षं गेली. कमी वजनाचा पाव लोकांना लगेच कळतो, पावातलं झुरळ भाजून निघालं की कळत नाही.

तो १८६३ चा कायदा मुद्दाम वाचा. त्याआधी वर्षभर ट्रेमेनहीअर नावाच्या सरकारी चौकशी अधिकाऱ्याने लंडनच्या बेकऱ्यांचा अहवाल दिला होता. मग कायद्यात आलं : भिंती आणि छताला दर सहा महिन्यांनी चुना, नाहीतर तेलरंगाचे तीन हात द्या आणि सहा महिन्यांनी गरम पाण्याने साबण लावून धुवा. अठरा वर्षांखालच्या पोरांना रात्री नऊ ते पहाटे पाच कामाला लावू नका. आणि भट्टीच्या पातळीवर, तिला लागून असलेल्या खोलीत कुणाला झोपवू नका, ती खोली नीट वेगळी केलेली आणि मोकळी हवा येणारी असेल तर गोष्ट वेगळी.

नोटिशीतला चौथा मुद्दा तो हाच. दीडशे वर्षांहून जुना. कुणा बाबूने काल एसीत बसून काढलेला नव्हे.

"कुणी मेलं नाही" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. ज्या शहरात फिरंगी पाव खात बसले ते जुनं गोवें साथींनी ओस पडलं आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पावाने नाही पडलं, तापाने आणि घाण पाण्याने पडलं. पण त्या पाण्यातच पीठ मळत होते ना?

माझं मत : नोटीस बरोबर आहे. मला आमचा पोदेर हवा आहे, पण स्वच्छ हवा आहे.

सासष्टीकार

बार्देशकरबाब, अभ्यास चांगला केलात, पण लंडनच्या तळघराचा चष्मा लावून तुम्ही आमची भट्टी बघताय.

तिथल्या बेकऱ्या जमिनीखाली होत्या. रस्त्याच्या पातळीच्या खाली, गटाराला लागून, वर घर, हवा यायला एक भोक. म्हणून त्यांना कायदा करावा लागला. पुढे १९०१ च्या कायद्याने तर असल्या तळघरांना वेगळं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय बेकरी चालवायला बंदी आली. आमच्याकडे कोणाची बेकरी तळघरात आहे? चिऱ्यांची भिंत, मंगलोरी कौलं, मागे माडाचं भाट, दोन्ही बाजूंनी वारा. माझं बालपण एका भट्टीला लागूनच्या घरात गेलं. संध्याकाळी सूर, म्हणजे माडाची ताडी, घालून पीठ मळायचे, लाकडी पेटीत ठेवायचे, मध्यरात्री गोळे. आत लाकूड जाळून भट्टी तापवायची, मग निखारे ओढून घ्यायचे, बांबूला बांधलेल्या ओल्या पोत्याने तळ पुसायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून उंडे, म्हणजे गोल पाव, आत सरकवायचे. त्या धगीत कुठला जंतू जगतो सांगा.

आणि तुम्ही जो कायदा डोक्यावर घेतलाय त्यातली एक ओळ गाळलीत. चुना लावायची आणि झोपायच्या जागेची सक्ती पाच हजारांवर वस्ती असलेल्या गावांनाच होती. इंग्रजालाही कळलं होतं की खेड्यातला बेकर आणि लंडनचा बेकर एका मापाने मोजायचा नाही. आमच्या बाबूंना ते अजून कळायचंय.

टाइल्सचा खर्च कोण देणार? पोदेराने उंडा पाच रुपयांवरून सहावर नेला तर हाच ग्रुप बोंब मारेल. मी मागच्या रविवारी आमच्या पोदेराला विचारलं, तो म्हणाला, "टायल्स घालतां बाब, पूण मागीर उंडो पांच रुपयांक दिवपाक जावचो ना." हिशेब एवढा साधा आहे.

फोंड्याची माहेरवाशीण

तपासणी म्हटली की तुम्हा दोघांनाही सरकारच आठवतं. आमच्याकडे तपासणी आजी करायची.

आमचं घर नव्या काबिजादीतलं, म्हणजे फिरंग्यांनी मागाहून घेतलेल्या मुलखातलं. आजीच्या लहानपणी घरात पाव येतच नसे. कारणं दोन सांगायची, एक म्हणजे त्यात सूर असतो आणि दुसरं म्हणजे पीठ पायाने तुडवतात. "पायाने मळतात म्हणून पाव" ही व्युत्पत्ती तिने मला शंभरदा ऐकवली असेल. मूळ पोर्तुगीज शब्द पांव आहे हे मी कॉलेजात गेल्यावर सांगितलं तर म्हणाली, "मग त्यांच्यातसुद्धा पायानेच मळत असतील." विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी होत्याच, त्या तर सगळ्यांनी ऐकल्यात.

पुढे वडिलांना पातळभाजीबरोबर पाव लागायला लागला, तेव्हा तिने तडजोड काढली. पोदेर पायरीखाली उभा राहायचा, टोपलीवरचं फडकं स्वतःच्या हाताने दूर करायचा, आई दुरून पाव उचलायची. मग तो चुलीवर तव्यावर दोन्हीकडून परत शेकायचा, म्हणजे "अग्नी दाखवला". स्वयंपाकघरात न्यायचा नाही, मधल्या खोलीत बसून खायचा.

आज विचार करते तेव्हा वाटतं, किती कडक तपासणी होती ही! आणि किती निरुपयोगी. आजीने पोदेराची जात बघितली, धर्म बघितला, टोपली कुठे टेकवली ते बघितलं. त्याच्या हाताला खरूज आहे का, तो कुठलं पाणी वापरतो, हे तिने एकदाही विचारलं नाही. शेकण्याचा तेवढा फायदा झाला असेल, तोही चुकून.

त्यामुळे "पूर्वी लोक शुद्धतेबद्दल जागरूक होते" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. सोवळं आणि स्वच्छता यांचा आमच्या घरात तरी काही संबंध नव्हता.

तिसवाडीचा

सासष्टीकार, भट्टीत जंतू मरतात हे मान्य. भट्टीतून बाहेर आल्यावर? पोदेर कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळून देतो ते? ती शाई काय भट्टीत भाजून निघालेली असते? वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केलीय. आमच्याकडे गेटला कापडी पिशवी टांगलेली असते, त्यात तो घालून जातो. एवढं केलं तरी पुष्कळ.

निवृत्त आरोग्यखातें

मी एका पालिकेत तीस वर्षं सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. पालिकेचं नाव कशाला. वाचत होतो, राहवलं नाही.

आमच्या हातात मुख्यतः १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा. पुढे तो जाऊन २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून प्रत्यक्षात लागू झाला. जुन्या कायद्यात नमुना घ्यायचा म्हणजे सोहळा असे. पंच बोलवायचा, जो कधीच यायला तयार नसे. मैदा विकत घ्यायचा, हो, पैसे देऊन, पावती करून. तीन भाग करायचे, तिन्ही बाटल्यांना लाख लावून सील, सह्या. एक भाग पब्लिक ॲनालिस्टकडे, दोन वरिष्ठांकडे राखून. अहवाल येईपर्यंत त्या मैद्याचे पाव लोकांच्या पोटात जाऊन महिना लोटलेला असे. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, कायद्याचा रोख खटला भरण्यावर होता, भट्टी सुधारण्यावर नव्हता, हे सांगतोय.

आणि एक गोष्ट जी आमच्यापैकी कुणी मोठ्याने बोलत नसे. आम्ही जायचो सकाळी अकराला. पोदेराचा धंदा रात्रीचा. अकराला भट्टी थंड, पेट्या धुऊन उन्हात, फरशी झाडलेली, मालक न्हाऊन बसलेला. आम्ही काय बघणार? चुना मारलाय की नाही, विहिरीला कठडा आहे की नाही, पाण्याच्या पिंपाला झाकण आहे की नाही, मैद्याची पोती भिंतीला टेकवून ठेवलीत की फळीवर. लिहायचं, सही घ्यायची. निघताना कागदात डझनभर उंडे मिळत. घेतले नाहीत असं म्हणणार नाही.

माझ्या नोकरीतली एकच खरी तपासणी आठवते. गावात जुलाबाची साथ होती आणि आमचे डॉक्टर हट्टी. म्हणाले, रात्री दोनला जाऊया. गेलो. कंदिलाच्या उजेडात तीन पोरं उघड्या अंगाने पीठ मळत होती, घाम कोपरावरून थेट परातीत. चौथा पोत्यांवर झोपलेला, तापाने फणफणलेला. पाणी मागच्या विहिरीचं, आणि त्या विहिरीपासून दहा पावलांवर डुकरांचा संडास. दिवसा त्या संडासावर झावळ्या टाकलेल्या असत, मी चार वर्षं त्या बेकरीत जात होतो आणि मला तो दिसला नव्हता.

डॉक्टरांनी दंड केला नाही. विहिरीत क्लोरीन टाकून घेतलं, आजाऱ्याला दवाखान्यात हलवलं, पोरांना पंचे दिले डोक्याला आणि कमरेला. पंचे पालिकेच्या खर्चाने, त्यावर नंतर ऑडिटची शंका निघाली ती वेगळी कथा.

बार्देशकर, तुमच्या त्या १८६३ च्या कायद्यात एक कलम आहे जे तुम्ही लिहिलं नाही. अधिकाऱ्याने भाजण्याच्या वेळात कधीही आत जावं अशी मुभा. भाजण्याच्या वेळात! आमच्या सगळ्या नियमांत टाइल्स आहेत, दाखले आहेत, ती वेळ मात्र कुणी पाळत नाही.

काळा कोट

मुंबईहून. मूळ घर पेडण्याचं. मी बार्देशकरांच्या विरोधात, पण सासष्टीकारांच्या बाजूने नाही.

बेकरी-तपासणीचा सगळ्यात गाजलेला खटला न्यूयॉर्कचा आहे. १८९५ मध्ये त्या राज्याने बेकऱ्यांचा कायदा केला. त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या. एक, स्वच्छता : गटारं, छताची किमान उंची, झोपायची जागा वेगळी, आणि मांजर सोडून कुठलाही पाळीव प्राणी आत नको. दुसरी, कामाचे तास : दिवसाला दहा, आठवड्याला साठ. युटिका गावच्या जोसेफ लॉकनर नावाच्या बेकरी-मालकाला तासांचं कलम मोडल्याबद्दल दंड झाला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९०५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. कोर्ट म्हणालं, कामगार आणि मालक आपसात किती तासांचा करार करतात यात सरकारने पडू नये, बेकरीचं काम काही तितकं घातक नाही.

लक्षात घ्या, भिंती, गटारं, मांजरं याबद्दलची कलमं तशीच राहिली. त्यांना कुणी हात लावला नाही. मालकांनाही ती चालली. लॉकनरची बाजू मांडणाऱ्यांत हेन्री वाइसमन होता, जो आधी बेकरी कामगारांचा पुढारी होता आणि हाच कायदा व्हावा म्हणून झटला होता. नंतर तो वकील झाला नि उलट्या बाजूने उभा राहिला. आमच्या धंद्यात हे चालतं, हसू नका.

माझा मुद्दा असा. तपासणीच्या इतिहासात दरवेळी भिंतीचा नियम टिकतो आणि माणसाचा नियम गळतो. कारण भिंत खाणाऱ्याला वाचवते, तास कामगाराला. तुमच्या वाड्याच्या नोटिशीत बघा. चार मुद्दे आहेत, "पोरं किती तास मळतात" हा पाचवा नाही. आणि झोपायच्या जागेचा चौथा मुद्दाही खाणाऱ्यासाठीच आहे. भट्टीत झोपू नको, एवढंच सांगितलंय. मग कुठे झोपू, हे कुणी सांगितलंय?

तिसवाडीचा

मांजर सोडून! आमच्या पोदेराकडे तीन आहेत. न्यूयॉर्कच्या कायद्यात तो बसतो म्हणायचा.

निवृत्त आरोग्यखातें

बसतोच. आमच्या वेळीही मांजराबद्दल कुणी शेरा मारत नसे. मैद्याच्या गोदामात मांजर नसेल तर उंदीर असतो.

सासष्टीकार

काळा कोटसाहेब, बाजूने नाही म्हणता पण माझंच बोलताय. नियम मोठ्याला परवडतो, लहान मरतो.

आणि एक विसरू नका, तपासणीचा आपल्याकडचा इतिहास साबण-पाण्याचा नाही. १८९७ ची पुण्याची प्लेगची झडती आठवा. घरात घुसून सामान बाहेर फेकलं, देव्हाऱ्यापर्यंत बूट नेले. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ती उगाच नव्हे. प्लेग खरा होता, झडतीचं कारणही खरं होतं. पण करणाऱ्याच्या वागण्यात माणुसकी नव्हती. आमचा पोदेर नोटिशीला घाबरत नाही, नोटीस घेऊन येणाऱ्याला घाबरतो. ग्रुपवर जे "कट, कट" चाललंय ते त्यातून येतं.

त्यात लाकडाच्या भट्टीवर टांगती तलवार. मुंबईत २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितलं. तो आदेश मुंबईच्या हवेसाठी होता, मान्य. पण तेच हायकोर्ट गोव्यात पर्वरीतही बसतं. आज टाइल्स, उद्या गॅस. गॅसवरच्या उंड्याला उंडा म्हणायचं का?

बार्देशकर

रँडपर्यंत नेऊ नका हो. इथे एक साधा कारकून सही घ्यायला आला होता, आणि पोदेराच्या बायकोने त्याला चहा दिला.

सासष्टीकार

चहा दिला म्हणजे घाबरली नाही असं होतं का? आमच्याकडे घाबरलेल्यालाच चहा द्यावा लागतो.

पीठचाळणी

मी अन्न-तंत्रज्ञान शिकवते. तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत एक मोठी फट आहे. तुम्ही जे डोळ्यांना दिसतं त्यावरच भांडताय.

१८५० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्थर हॅसल या लंडनच्या डॉक्टरने बाजारातले पाव सूक्ष्मदर्शकाखाली आणि रासायनिक कसोटीला लावले. त्यात तुरटी सर्रास सापडली. कमी प्रतीचं पीठ पांढरं दिसावं, पाव फुगावा म्हणून घालत. त्याने हे 'लॅन्सेट' साप्ताहिकात दुकानदारांच्या नावपत्त्यांसह छापलं, तेव्हा कुठे १८६० चा भेसळीचा कायदा आला. चुना मारलेल्या चकाचक बेकरीतही तुरटी असू शकत होती.

आपल्याकडचा तसा प्रकार म्हणजे पोटॅशियम ब्रोमेट. पाव फुगतो, मऊ होतो, छान दिसतो. २०१६ मध्ये दिल्लीच्या एका संस्थेने पावात त्याचे अंश सापडल्याचं सांगितलं आणि त्याच वर्षी त्यावर बंदी आली. तोवर ते कायदेशीर होतं! आमच्या जुन्या इन्स्पेक्टरसाहेबांनी रात्री दोनला जाऊनही ते दिसलं नसतं. पिठाच्या पोत्याशेजारी पडलेल्या "इम्प्रूव्हर"च्या पुडीवर काय छापलंय ते वाचावं लागतं.

सुराच्या पावाबद्दल जे गहिवरतात त्यांनाही सांगते. आज सूर घालणारे पोदेर थोडे. सूर काढणारे रेंदेर उरले किती, माडावर चढतंय कोण? बहुतेक ठिकाणी यीस्ट आहे. तेव्हा "परंपरा" म्हणून ज्याला सूट मागताय ती परंपरा आहे की नुसता भट्टीचा आकार, हे आधी बघा.

आणि सासष्टीकार, लहान मरतो हे दरवेळी खरं नाही. २०११ च्या नियमांत वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला परवाना नव्हे, नुसती नोंदणी ठेवली होती, शुल्क वर्षाला शंभर रुपये. इंग्रजाच्या पाच हजार वस्तीसारखीच ती रेघ आहे. फक्त ती माणसं मोजून न आखता पैसे मोजून आखलीय.

सासष्टीकार

इम्प्रूव्हरचं मान्य. तो मी स्वतः बघितलाय. पुडी होती, त्यावरचं छापील कुणाला वाचता येईल एवढं मोठं नव्हतं.

फोंड्याची माहेरवाशीण

पीठचाळणीताई, मग आम्ही काय करायचं? पुडी बघायला भट्टीत शिरायचं?

पीठचाळणी

हो. गिऱ्हाईक आहात ना.

बार्देशकर

शिरलो. तीन दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळे.

निवृत्त आरोग्यखातें म्हणाले तसं रात्री अडीचला गेलो. आधी पोदेराला सांगून, चोरासारखा नाही. सोबत धाकटा भाऊ होता, कुत्र्यांसाठी काठी घेऊन.

दार अर्धं उघडं. आत पिवळा बल्ब, त्याच्यावर पिठाचा थर. मळायला मशीन आहे, ते मला माहीत नव्हतं, म्हणजे घाम परातीत पडण्याचा प्रश्न निम्मा मिटला. पण गोळे हातानेच. तीन पोरं, तिघंही बेळगावच्या बाजूची, मराठी माझ्यापेक्षा चांगली. एकाच्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण, दुसरा नखं दाताने कुरतडत उभा होता आणि तेच हात गोळ्यांना. पोदेराने मी काही बोलायच्या आधी त्याला बादलीकडे पिटाळलं. बादली स्वच्छ होती, साबणाचा तुकडा पाघळून खोबणीत गेला होता.

इम्प्रूव्हर विचारला. त्याने लाजत फळीवरून पुडी काढली. घटक वाचले. ब्रोमेट नव्हतं, एस्कॉर्बिक आम्ल होतं. पीठचाळणी, हे चालतं ना?

भिंतीबद्दल सासष्टीकारांचं ऐकतो. टाइल्सची काही गरज दिसली नाही. नोटीस पुन्हा वाचली, त्यात "धुता येतील अशा" एवढंच आहे, टाइल्स हा शब्द ग्रुपवाल्यांनी घातला. आणि खरं सांगायचं तर वरती मीही तो तसाच चालू दिला. तेलरंगाने काम होतं, १८६३ मध्येही होत होतं. जाळीसाठी वाड्यातून वर्गणी निघाली, त्यावर कुणी "कट" म्हणालं नाही.

अडकलोय चौथ्या मुद्द्यावर. भट्टीमागची खोली बघितली. सहा बाय आठ असेल. तीन चटया, दोरीवर कपडे, एका खिळ्याला साईबाबांचं कॅलेंडर, आणि भिंत एवढी गरम की हात ठेववत नाही. पावसाळ्यात हेच सुख असेल, मे महिन्यात काय होत असेल? पोदेर म्हणाला, बाहेर खोली बघितली होती, भाडं ऐकून परत आलो. किनाऱ्याच्या पट्ट्यात पर्यटकांना रात्रीवर खोल्या देणारे महिन्यावर कशाला देतील? नोटिशीप्रमाणे मुदतीच्या आत पोरांना हलवायचंय. नाही हलवलं तर बंद, हलवायला जागा नाही.

काळा कोट, तुमचा प्रश्न तिथे भिंतीशी उभा राहून कळला. मी अजूनही नोटीस बरोबर म्हणतो. पण उत्तर नाही माझ्याकडे.

पीठचाळणी

एस्कॉर्बिक चालतं. ते म्हणजे क जीवनसत्त्व.

काळा कोट

मुदतवाढीचा अर्ज करा, तीन मुद्दे पूर्ण केल्याचे फोटो जोडून. चौथ्यासाठी पर्यायी जागा शोधत असल्याचं लिहा. मसुदा मी देतो, फी नाही, उंडे पाठवा.

सासष्टीकार

बार्देशकरबाब, एक विचारू? तुमच्याच एका जुन्या धाग्यात वाचलं होतं, भाऊ गल्फला गेल्यापासून घराच्या मागच्या दोन खोल्या बंद आहेत म्हणून. पावसात ओल येते, कुणी राहायला हवं, असंही लिहिलं होतंत.

बार्देशकर

तो थोरला भाऊ. खोल्या आहेत. बायकोशी बोलून सांगतो.

फोंड्याची माहेरवाशीण

मागच्या खोल्यांना दार वेगळं आहे ना, की स्वयंपाकघरातून जावं लागतं?

बार्देशकर

स्वयंपाकघरातून.